चार मिलिअँपिअर

जुबैलला समुद्राच्या कडेला, रात्री अडीच वाजता,
पॅनेल रूमचं दार ढकलून बाहेर आलं
की चष्मा आंधळा होतो.
शर्टाच्या टोकाने पुसावा, तर टोकही घामाने चिंब.
दुपारी बारा ते तीन उन्हात काम करायला बंदी,
म्हणून लूप-चेकिंगची सगळी रेटारेटी
रात्रपाळीच्या माथी.

आज सातवं मॉड्यूल. आठ चॅनेल.
प्रत्येकाला आधी सांगावं लागतं, तू कोण ते:
व्होल्ट की करंट,
शून्य ते दहा की चार ते वीस.
न सांगता सोडलं तर ते स्वतःला व्होल्ट समजून बसतं
आणि तिकडे टाकीवरचा व्हॉल्व्ह
ढिम्म.

कालची अख्खी रात्र त्यातच गेली.
मी पडद्यावर तेरा हजार आठशे चोवीस लिहितोय,
म्हणजे बरोबर अर्धं,
आणि वॉकीटॉकीवर आर्नेल, "नथिंग, सर. स्टिल नथिंग."
तीनदा वायर तपासली, ग्लँड उघडले,
पोझिशनरला शिव्या घातल्या, अस्सल तासगावी.
चूक माझ्याच हातची, यादीतल्या एका खान्यात.
मुसाइद आला, पडद्याकडे बघितलं, बोलला काहीच नाही.
थर्मासमधला कहवा ओतून
कप माझ्यापुढे सरकवला.

अण्णा तासगाव नगरपालिकेत व्हॉल्व्हमन होते.
खांद्यावर लोखंडी टी, सायकलच्या हँडलला बॅटरी बांधलेली.
चेंबरचं झाकण पायाने सरकवायचे
आणि फेरे मोजायचे, ओठातल्या ओठात.
गुरव गल्लीला साडेअकरा, वरच्या पेठेला चौदा,
कारण वरच्या पेठेत चढताना पाणी रडतं.
अर्ध्या फेऱ्यावरून बायका भांडायच्या
घागरी आपटत.
त्यांचं स्केलिंग कुठल्या कागदावर नव्हतं.
निवृत्त झाले तेव्हा साहेबांनी लिहून मागितलं,
तर म्हणाले, हाताला विचारा.

नवी पोरं मला विचारतात,
शून्य टक्क्याला चार मिलिअँपिअर कशाला?
शून्यच पाठवा की.
मी सांगतो, अरे, मग बंद व्हॉल्व्ह
आणि तुटलेली वायर
इथून सारखीच दिसेल.
म्हणून चार.
मागणं काही नाही, पण आहे मी,
एवढं कळवण्यापुरते चार.

मार्चपासून अण्णांची वाचा गेलीय.
दर शुक्रवारी वहिनी फोन त्यांच्या कानाला धरते.
मी इथली हवा सांगतो, मेसमधली डाळ सांगतो,
समुद्र गोडा करून पाइपात सोडतो ते
पुन्हा एकदा सांगतो.
पलीकडून शब्द नाही.
श्वास येतो, किंचित घरघरता.
मधेच तोही थांबला की माझं हॅलो हॅलो सुरू.
आजवर तरी
नुसती रेंजच गेलेली असते.

पहाटेचे चार. एकच खाना राहिलाय:
कंट्रोलर बंद पडला तर आउटपुटने काय करायचं?
शून्यावर जा. ठरवून दिलेल्या किमतीवर जा.
किंवा आहे तिथेच धरून राहा.
क्लोरीनला शून्य, त्यात विचार करण्यासारखं काही नाही.
शहराकडे जाणाऱ्या गोड्या पाण्यापाशी
मी अडतो.
मुसाइद म्हणतो, होल्ड.
एका रमजानात तिथे शून्य भरलेलं होतं,
सहरीच्या वेळी सगळी वस्ती कोरडी,
त्याची आई अजून ते काढते.

अण्णांचा उजवा हात
तेव्हापासून अर्ध्या मुठीतच आहे.
डॉक्टर म्हणतात, सुटेल हळूहळू.

मी होल्ड निवडतो. डाउनलोड.
दिवा हिरवा व्हायला वेळ लावतो.
मग चार, आठ, बारा,
एकेक पायरी मी वर पाठवतो
आणि काळोखातून आर्नेल ओरडतो,
"मूव्हिंग, सर! मूव्हिंग!"

किती फेरे झाले? मी विचारतो.

"से अगेन, सर?"